तिजेची भरती

मांडवा गावाच्या मागे, खाडीच्या काठाला, मुंबईच्या एका शेटचं मिठागर होतं. तिथे न्यायाची एक रीत होती. कुणावर आळ आला की आधी मार, मग विचारपूस. मार काथ्याच्या दोराने. दोर आदल्या दिवशीपासून खाऱ्या पाण्यात भिजत घालायचा, म्हणजे दोन फटक्यांत कातडं फुटतं आणि मीठ आपोआप आत जातं. दहा फटके झाले की शेटचा मेहता कागद पुढे करी. त्यावर ‘गुन्हा कबूल’ असं आधीच लिहिलेलं असे. मार खाल्लेला माणूस मुकाट्याने अंगठा देई. कोण नाही देणार? आणि या सगळ्याला मेहता तोंड वर करून ‘चौकशी’ म्हणे.

या आगराच्या उघडीवर बायजा होती. उघडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. फळ्या वर ओढल्या की खाडीचं पाणी आत, खाली सोडल्या की बंद. हे काम आधी तिचा नवरा मोरू करी. एका उधाणाला खचता बांध सावरताना तो वाहून गेला आणि तिसऱ्या दिवशी चिखलात सापडला. दहावं व्हायच्या आत बायजा स्वतः फळ्या ओढायला उभी राहिली. बाईमाणसाचं हे काम नव्हे असं चार जण बोलले, पण एकही भरती तिने चुकवली नाही, तेव्हा बोलणारे गप्प बसले. उघडीशेजारची कुडाची झोपडी तिला या कामापोटी मिळालेली. माहेरी कुणी उरलं नव्हतं, पोरबाळ नव्हतं. उघडी गेली की झोपडी जाणार, आणि झोपडी गेली की बायजाला पाठ टेकायला जगात जागा नव्हती.

तिला अक्षरओळख नव्हती, पण खाडी तोंडपाठ होती. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास निघतो. चौथीला तीन, अष्टमीला सहा. भरतीच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे येतं.

येत नव्हतं ते फक्त येसाजी मुकादमाला. येसाजी तळा गावाकडचा, डोंगरातल्या भातशेतीतला माणूस. शेटने मुद्दाम लांबचा आणलेला, कारण गावच्या माणसाचा हात गावच्या पाठीवर सहजी उठत नाही. आठ वर्षं तो आगरावर होता, पण समुद्राकडे त्याने कधी मान वर करून पाहिलं नाही. पाणी कधी येतं ते बायजाला ठाऊक, आपल्याला काय करायचंय, असा त्याचा हिशेब. दोर मात्र त्याला छान चालवता येई.

सन एकोणतीसचा चैत्र. वद्य तिजेला दुपारी भरतीवर मचवा धक्क्याला लागला. धक्का आगराच्या एका टोकाला, उघडी दुसऱ्या टोकाला. मीठ चढवायला माणसं कमी पडतात म्हणून येसाजीने उघडीवरून बायजालाही पाटी उचलायला बोलावलं. चाळीस डोकी दीड वाजल्यापासून चारपर्यंत मीठ वाहत होती. संध्याकाळी बायजा झोपडीकडे परतली. उघडीजवळच्या अकरा कुंड्यांत, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांत, खाडीचं गढूळ पाणी होतं. महिनाभर उन्हात तापून पिकलेलं पांढरंशुभ्र मीठ जाग्यावर विरघळून गेलं होतं. फळ्या कुणीतरी काढून पुन्हा बसवल्या होत्या, त्याही उलट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मेहताच्या ओसरीसमोर खांबाला बांधलं. कशाबद्दल, हे कुणी सांगितलं नाही. तशी रीतच नव्हती.

पहिल्या फटक्याला ती ओरडली. दुसऱ्याला चोळी फाटली आणि पाठ उघडी पडली. चौथ्याला गुडघे गेले, पण हात बांधलेले, त्यामुळे ती लोंबकळत राहिली. रक्त लुगड्याच्या काठापर्यंत आलं. माणसं खाली बघत उभी होती. येसाजी प्रत्येक फटक्यामागे श्वास घेई, दोर खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुचकळी आणि पुन्हा मारी. घाई नव्हती त्याला. दहा मोजून झाल्यावर त्याने कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं.

मग मेहताने कागद वाचला. “काल वद्य तृतीयेस सकाळी आठ वाजता बायजा मोरू हिने उघडीच्या फळ्या काढून खाडीचे पाणी आगरात घेतले. पाणी जोराने आत येत असताना मुकादम येसाजी यांनी समक्ष पाहिले व धावत जाऊन फळ्या बसविल्या.”

बायजाचं डोकं दुखण्याने बधिर झालं होतं, तरी ‘आठ’ हा शब्द तिच्या कानात शिरला. तिजेला आठाला? तिने मान वर केली. तिला कळलं, हा मुकादम खोटं बोलतोय, आणि खोटं बोलतानासुद्धा याला अक्कल नाही.

दोर सोडल्यावर मेहताने शाईचं फडकं पुढे केलं. “अंगठा दे.”

“न्हाय.”

त्या ओसरीसमोर हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. मेहताला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. “अंगठा दे, बायजा.”

“पयले मना इचारा. समद्यांच्या समोर इचारा. मंग देतंय.”

येसाजीने तिचं मनगट धरलं. तिने मूठ आवळली. त्याने बोटं उकलायला पाहिली, उकलेनात. तेव्हा त्याने तिचा हात ओसरीच्या दगडी पायरीवर दाबला आणि फावड्याचा दांडा त्या मुठीवर हाणला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेतल्यांनीही ऐकला. मूठ तरीही उघडली नाही. नंतर तर ती उघडता येण्यासारखी राहिलीच नाही.

“हिची झोपडी मोडा,” येसाजी ओरडला. त्याचा मेहुणा काळूराम पहार घेऊन निघाला.

तेवढ्यात पाटीवाल्या बायांतली म्हातारी ठमाबाई पुढे आली आणि तिने डोक्यावरची मिठाची पाटी काळूरामाच्या पायाशी आदळली. मागोमाग दुसरी पाटी पडली, तिसरी पडली. बाया झोपडीच्या वाटेत बसल्या. येसाजीच्या चार लाठीवाल्यांनी म्हातारी-कोतारी बघितली नाही. ठमाबाईचा खांदा निखळला. बुधाजी नावाचा भला माणूस तिला ओढून काढायला गेला, तर लाठी त्याच्या डोळ्यावर बसली. तो डोळा त्याला पुन्हा मिळाला नाही. पण बाया उठल्या नाहीत. दुपारी दुसरा मचवा धक्क्याला लागला आणि मीठ चढवायला एक माणूस जागचा हलला नाही. पुढच्या वर्षी मिठासाठी देशभर लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. या बायांचं नाव मात्र कुठे आलं नाही.

शेट तेव्हा पाहुण्यांना घेऊन नागावच्या वाडीत उतरले होते. पंचमीला मांडव्याहून बोटीने मुंबईला परतायचं, वाटेत आगर. छकड्यातून उतरतात तो समोर रिकामा मचवा, बसलेली माणसं आणि वाळलेलं रक्त.

“शेट, खाल्ल्या मिठाला जागत नाहीत ही माणसं,” मेहता म्हणाला.

बायजा ठमाबाईच्या आधाराने उभी राहिली. उजवा हात सुजून दुधीएवढा झाला होता. “शेट, त्यो कागद वाचा. मोठ्यानं वाचा. माझं यवढंच मागनं हाय.”

शेटना बोट गाठायची होती. वाचून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी मान हलवली आणि मेहताने वाचलं.

“आता यांना इचारा,” बायजा लोकांकडे वळली. “तिजेला सकाली आठाला खाडीचं पानी कुठं असतं?”

मग एकजण खदकन हसला. आणि मग चाळीस गळ्यांतून एकदम निघालं, “सुकती! सुकती!”

शेटना काही कळेना. त्यांनी मचव्याच्या तांडेलाला, अंबाजीला, बोलावलं. अंबाजीने हात जोडले. “तिनाची पाऊनपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती. त्याच पान्यावर परवाचा मचवा आला, शेट, न्हायतर चिखलातून काय उडत येल? सकाली आठाला खाडीत खेकडी चालतात. पानी आत यायला पानी तर पायजे!”

“आन् सव्वादोनला मी कुठं व्हते?” बायजाने विचारलं. उत्तर द्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने मचव्यावर मीठ चढवलं होतं, आणि बोलावलं होतं येसाजीनेच. सकाळची वेळ त्याने निवडली, कारण तेवढ्या वेळेतच ती उघडीवर एकटी होती. बाकी सगळं जुळवलं, फक्त समुद्राला विचारायचं राहिलं.

येसाजीचा चेहरा उतरला. तो दोन पावलं मागे सरला आणि तिथेच लोकांनी त्याला धरला. आठ वर्षांचं होतं ते सगळं बाहेर आलं. कुणी झिंज्या धरल्या, कुणी पोटात लाथ घातली, ज्याच्या पाठीवर वळ नव्हता असा माणूस तिथे नव्हताच. काळूराम खाडीच्या चिखलातून पळत सुटला. येसाजीच्या तोंडातून रक्त आलं, एक दात पडला. तोच खांब, तोच दोर. त्याला बांधून झाल्यावर शेट मोठ्या उदार आवाजात म्हणाले, “मुकादमाने मला फसवलं. दोर या बाईच्या हातात द्या. दहा मोजून मारू दे.”

लोकांनी आरोळी ठोकली. बायजाने डाव्या हातात दोर घेतला. तिला मारायचं होतं. खोटं कशाला सांगा, त्या घडीला तिला त्याचा जीव घ्यायचा होता. तिने दोर उचलला आणि अंगातली सगळी आग लावून एक फटका हाणला. येसाजीची पाठ फुटली. तो किंचाळला, “अगं, मला विचार तरी! विचार तरी कुणी सांगितलं ते!”

दुसऱ्या फटक्याला वर गेलेला तिचा हात वरच राहिला.

“मार, बाय, मार!” लोक ओरडत होते.

“मारू दे तिला,” मेहता म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. बायजाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठावर घाम होता.

तिने दोर खाली घेतला. “सांग. कुनी सांगितलं?”

“मेहताजींनी,” येसाजी रडत बोलला. “नागावच्या वाडीत शेटचे पाहुणे आलेत, त्यांना ताजी कोळंबी पायजे म्हणाले. भरतीच्या पाण्याला उघडीत बोकशी जाळं लावलं की टोपलीभर मिळते. काळूरामानं फळ्या काढल्या, जाळं लावलं, पण फळ्या पुन्हा बसवता येईनात त्याला. मीठ गेलं. मग मेहताजी म्हणाले, बाईवर घाल. कागद त्यांनीच लिहिला. वेळ तेवढी मी सांगितली.”

सगळ्यांची नजर शेटकडे गेली. कोळंबी त्यांनी खाल्ली होती, पाहुण्यांना आग्रहाने वाढली होती. कुंपणानेच शेत खाल्लेलं. आणि चवथीच्या सकाळी बायजाने अंगठा दिला असता, किंवा आता दहाचे दहा फटके मारून मोकळी झाली असती, तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आधी मार, मग विचार ही रीत कुणाच्या सोयीची होती, ते त्या दिवशी आगराला कळलं.

शेटचा आवाज बदलला. “बस झाला तमाशा. मुकादम गेला. आणि ही बाईही उद्यापासून आगरावर नको. भांडखोर माणूस मला नको.” ते छकड्यात बसले आणि बोटीला निघून गेले.

चोर सोडून संन्याशाला सुळी! पण संन्यासी या वेळी एकटा नव्हता. अंबाजीचा मचवा त्या भरतीला रिकामाच परत गेला. दुसरा आला, तोही रिकामा गेला. मेहताने लाठीवाले पाठवले, तर लोकांनी लाठ्या हिसकावून खाडीत फेकल्या आणि दोघांची हाडं खिळखिळी केली. चैत्र संपत आला. मिठाच्या राशी उघड्यावर, आणि पुढे पावसाळा. पोटाला सगळ्यांच्याच चिमटा बसत होता, पण पाटी कुणी उचलली नाही.

नवव्या दिवशी मेहता स्वतः बांधावरून चालत बायजाच्या झोपडीसमोर आला. बाहेरच उभा राहिला.

“बायजाबाई, शेटनी विचारलंय, येता का उघडीवर?”

बायजाने त्याला बराच वेळ उन्हात उभं ठेवलं. त्या आगरावर तिला कुणी काही विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

“यीन,” ती म्हणाली. “पन त्यो दोर मना आनून द्या.”

दोर आला. तिची उजवी मूठ पुन्हा कधी नीट उघडली नाही, अंगठा तर जन्माचा वाकडा झाला. पुढची नऊ वर्षं, ती जाईपर्यंत, उघडीच्या फळ्या तिने त्याच दोराला बांधून वर ओढल्या, डाव्या हाताने, भरतीच्या वेळेला.