नारायण पेठेतला देंग

आमची बटालियन शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेली, तेव्हा मी नायब सुभेदार होतो. निघताना अम्मी म्हणाली, "तिकडे अरबी बोलतात. तुझं लहानपणीचं शिक्षण कामी येईल." बिबवेवाडीच्या मशिदीत शिकलेलं अरबी मला तोंडपाठ होतं. त्यातलं कळत किती होतं, ते विचारू नका.

पहिल्याच सकाळी कॅम्पवर दुभाषा हजर झाला. काळाभोर, ताडमाड, इस्त्रीचा शर्ट. नाव देंग. मी अरबी शब्दांची जुळवाजुळव करून त्याची विचारपूस केली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आपण मराठीत बोलू या का? माझं मराठी तुमच्या अरबीपेक्षा बरं आहे."

जवान हसले. मला आधी राग आला, मग मीही हसलो. हा टोमणा पुण्याबाहेर शिकून येणं शक्यच नव्हतं.

देंग पुण्यात कॉलेजला होता. नारायण पेठेत लिमये काका-काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायचा. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी त्याचं कच्चं गणित पक्कं करून घेतलं. काकूंचे नियम कडक. ताटात टाकायचं नाही, आणि रात्री जेवायला नसशील तर सकाळीच सांगायचं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. दर रविवारी तो आमच्या वेलफेअर फोनवरून काकूंना फोन लावायचा आणि आज भाजी काय केली ते विचारायचा. पाच हजार किलोमीटरवरून पडवळाची चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं काम साधं होतं. गस्त, पाण्याचे टँकर, गेट ड्यूटी. गावात गोळीबार सुरू झाला की लोक कॅम्पकडे धावत येत. आम्ही झडती घेऊन त्यांना आत सोडायचो. हत्यार आत नाही आणि गुरं आत नाहीत, असा नियम होता. आधीच माणसांना पाणी पुरत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळीच गावात फायरिंग सुरू झालं. गेटवर मी होतो. तासाभरात गर्दी आत आली. मग दुर्बिणीतून दिसलं, नाल्यापलीकडे एक म्हातारा दोन नातींना घेऊन उभा होता. मागे गाईंचा कळप. तो पुढे येईना, मागे जाईना.

"तो गाई सोडून येणार नाही," देंग म्हणाला.

"जीव जाईल त्याचा. त्या पोरींचा पण."

"आमच्यात मुलीच्या घरी गाई दिल्याशिवाय लग्न होत नाही, साहेब. त्या गाई म्हणजे त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न आहे. तुम्ही त्याला सांगताय, मुलाला जन्मभर तसाच ठेव."

मी रेडिओ घेतला. "गेट टू कंट्रोल. तीन सिव्हिलियन नाल्यापार. साथ में मवेशी. अंदर लें? ओव्हर."

"निगेटिव्ह. आदमी अंदर, मवेशी बाहर."

"मवेशी बाहर तो आदमी भी बाहर, सर. दो बच्चियाँ हैं."

"वेट."

कंट्रोलवर मेजरसाहेब स्वतः होते. मग आवाज आला. "सब को अंदर लो. जवाब मैं दूँगा. आउट."

आम्ही चिलखती गाडी घेऊन निघालो. माझे चार जवान, मी आणि देंग. पोरींना आधी गाडीत घेतलं. म्हाताऱ्यालाही ओढलं, तो नको नको म्हणत होता. पण गुरं जागची हलेनात. इंजिनाला भ्यायली होती.

देंग खाली उतरला. कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेला एक पांढरा बैल होता. देंगनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्यांच्या भाषेत काहीतरी गायला लागला आणि पुढे चालू लागला. बैल त्याच्या मागे, गाई बैलामागे. मला ते पटलं नाही, पण गुरं चालत होती. आम्ही उंच गवताच्या बाजूनं गाडी हळू चालवत त्याला आडोसा दिला.

निम्म्या वाटेवर गवतातून फायर आलं. माझ्या जवानांनी उत्तर दिलं.

"देंग, गाडीत ये! ऑर्डर आहे!"

"मी थांबलो की त्या थांबतील, साहेब." आणि तो पुन्हा गायला लागला.

गेटच्या अलीकडे रस्ता अरुंद होता. गाडीला पुढे जावं लागलं आणि तेवढ्यापुरता आडोसा सुटला. त्याच्या छातीत गोळी लागली. मी त्याला उचलून आणलं. गुरं गोंधळली, पण बैल सरळ गेटमध्ये शिरला आणि कळप त्याच्यामागून आत गेला. डॉक्टरांनी देंगला तपासलं आणि नकारार्थी मान हलवली. त्याच्या गावी त्याच्या चुलत्यांनी त्याला पुरलं. मीही मूठभर माती टाकली.

पुढे निम्मी गुरं चाऱ्यावाचून कॅम्पातच मेली. म्हाताऱ्याच्या मुलाचं लग्न झालं की नाही, मला ठाऊक नाही. नाती वाचल्या, एवढं मी रोज स्वतःला सांगतो. तरी त्या अरुंद रस्त्याचा राग जात नाही.

रविवारी मी नारायण पेठेत फोन लावला. काकूंनी उचलला आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत म्हणाल्या, "आज उशीर केलास रे." पुढचं मी कसं सांगितलं, ते आठवत नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा पितृपक्ष होता. काकांनी महालयाच्या दिवशी बोलावलं. मी दाराशी घुटमळलो तर काकू म्हणाल्या, "अहो शेख, आत या. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंय."

गुरुजी एकेक नाव घेऊन पिंड ठेववत होते. काकांचे वडील, आजोबा, आई, सासरे. मग काका म्हणाले, "अजून एक आहे."

"नाव?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "देंग माजोक अकोल."

"आडनाव अकोल?"

"नाही. माजोक त्याचे वडील, अकोल आजोबा. त्यांच्यात तसंच सांगतात."

"गोत्र?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

"माहीत नसलं की काश्यप घेतात." गुरुजींनी मान वर केली नाही. "यजमानांशी नातं काय लावू?"

काका अडखळले. "माझ्याकडे शिकला. शिष्य म्हणा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

"मुलगा म्हणा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली आणि पिंड हातात घेतला.