आजचे चेंडू संपले

काल सकाळी क्लबच्या मैदानावर माझी मुलगी ईरा नेटमध्ये गोलंदाजी करत होती. लय अशी लागली होती की समोरची फलंदाज मागे मागे सरकत होती. तेवढ्यात फिजिओ मॅडमनी टॅबवरून मान वर केली. "ईरा, बास. आजचे चेंडू संपले."

"मॅडम, काही दुखत नाहीये. एकच ओव्हर!"

"दुखायला लागल्यावर थांबून काय उपयोग? खांद्यावरचा ताण तीन दिवस चढतोय."

ईराच्या पाठीला बांधलेल्या पट्ट्यात काडेपेटीएवढं यंत्र असतं. ते तिचा प्रत्येक चेंडू मोजतं.

काही दुखत नाहीये. हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आमच्या वेळी वेगवान गोलंदाजाने खांदा दुखतो म्हणायचं म्हणजे संघातली जागाच सोडायची. म्हणून सगळं अंगावर काढायचं, बाम चोळायचा आणि पुन्हा धावत सुटायचं. सर विचारायचे, "बरा आहेस ना?" मी हसून मान डोलवायचो. एके दिवशी हात वर गेलाच नाही. अजूनही मी भांग डाव्या हाताने पाडतो.

हे यंत्र काही विचारतच नाही, त्यामुळे त्याला खोटं सांगायची सोय नाही. मला त्या काडेपेटीबद्दल चक्क माया वाटली.

ईरा धुसफुसत माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, तू तरी सांग ना त्यांना!"

तिने रागारागाने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि सुटलेले केस उंच बांधले. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. किती सहज वर गेला.