देवाला न दिलेलं ट्युलिप

दिग्रसच्या उन्हात ट्युलिप लावणार म्हटल्यावर घरात आधी सगळे हसले. मग ऑनलाइन मागवलेले कंद गार करायला मी आठवडेच्या आठवडे फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवले, तेव्हा हसू आटलं. नवरा म्हणाला, "मेथी बाहेर सुकून राह्यली, अन् तू कांदे गार करून राह्यली." सासूबाईंनी सरळच विचारलं, "वास नाही, गजऱ्यात येत नाही. कायले पाह्यजे असं फूल?"

"पाहाले," मी म्हटलं.

डिसेंबरच्या थंडीत कंद कुंडीत लावले. बहुतेक सडले. एकाला मात्र पानं फुटली, कळी आली, आणि तिच्या टोकाला लाल रंग चढू लागला. आता मला धास्ती उन्हाची नव्हती, शेजारच्या काकूंची होती. आमच्या गल्लीत पहाटे कुणीही कुणाच्याही आवारात शिरून पूजेची फुलं तोडतं, विचारायची पद्धतच नाही. काकू तर मुक्या कळ्याही सोडत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याच दारची जास्वंदी मी धड फुललेली पाहिलेली नाही.

कळी उमलायला आली त्या पहाटे मी शाल पांघरून कुंडीपाशी खुर्ची टाकून बसले. काकू आल्या, जास्वंदी ओरबाडून झाली, आणि त्यांचा हात ट्युलिपकडे वळला.

"हे नाही, काकू."

"देवासाठी हाय न व बाई."

"मग देवाले म्हणा, इथं येऊन पाहून जा."

आत सासूबाई "नारायण, नारायण" पुटपुटल्या. दुपारपर्यंत मी देवाशी भांडल्याचं गल्लीभर झालं होतं. होऊ दे.

ट्युलिप थोडेच दिवस टिकलं. सकाळचा चहा मी त्याच्यासमोर बसून, गार होऊ न देता प्यायले. मग ऊन तापलं आणि पाकळ्या कुंडीतच गळून पडल्या.

"गेलं न वाया," सासूबाई म्हणाल्या. "ना देवाले, ना कोणाले."

खरंच आहे. माझं शिक्षण मुलांच्या अभ्यासाला कामी आलं, माझ्या बांगड्या नणंदेच्या लग्नाला, माझ्या सकाळी सगळ्यांच्या डब्यांना. हे एवढं एक कुणाच्याच कामी आलं नाही, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

यंदा जास्त कंद मागवलेत. फ्रिजचा खण आजच रिकामा केला. मेथी बाहेर आहे.