घुंगरांचा पहारा

आई-वडिलांच्या खालोखाल माझ्यावर उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन: सोलापूरचे आमचे मालक. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि ती पदवी मी त्यांच्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर, त्यांच्या दिव्याखाली, त्यांच्या घरचं जेवून मिळवली. हे सगळं मान्य करून मी असंही म्हणतो की त्यांच्याइतका संशयी माणूस सोलापूर जिल्ह्यात आधी झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यता दिसत नाही. मालकांचा माणसांवर विश्वास नव्हता यात विशेष काही नाही, तसा तो पुष्कळांचा नसतो. मालकांचा देवळावरही नव्हता. दर सोमवारी ते दर्शनाला जात, पण पायरीच्या वर जात नसत, कारण पुढे गेलं की चपलांकडे पाठ होते. हात देवाला जोडलेले आणि नजर चपलांवर, अशा स्थितीत ते पाच मिनिटं उभे राहत. शेवटी पुजाऱ्यानेच त्यांना तीर्थ बाहेर आणून द्यायची पद्धत पाडली. त्या पुजाऱ्याचाही त्यांना संशय होता. एवढी सेवा हा उगाच कशाला करतो, असं ते मला परतीच्या वाटेवर विचारत.

मी वैरागहून मॅट्रिक होऊन आलो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक आणि हेडमास्तरांची शिफारस होती. मालकांनी शिफारस वाचलीसुद्धा नाही. चांगला आहे असं ज्याच्याबद्दल लिहून द्यावं लागतं तो चांगला कसा, असा त्यांचा सवाल होता. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं आणि त्याचं कारण सर्वांसमक्ष सांगितलं. दुकानात चोरी नेमकी कुठून करायची हे कळायला नव्या माणसाला सहा महिने लागतात. शिवाय शिकणारा माणूस भित्रा असतो. सकाळी कॉलेज, मग दुकान, आणि झोपायला पोटमाळा, असं ठरलं. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारून घेतलं आणि नंतर कधी वापरलं नाही. मला ते 'कॉलेज' म्हणत. "नोड कॉलेज," असं त्यांचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं. घरात कानडी, दुकानात मराठी, अशी त्यांची विभागणी होती, पण हा 'नोड', म्हणजे 'बघ', दोन्हीकडे चाले. कारण बघणे हाच त्यांचा मुख्य व्यवसाय होता, कापड हा जोडधंदा.

किमती गिऱ्हाइकाला कळू नयेत म्हणून ते साड्यांच्या चिठ्ठ्यांवर कानडी आकडे घालत. मग वरची किंमत सांगून हळूहळू खाली यायचं. ही युक्ती बार्शीच्या गिऱ्हाइकावर उत्तम चाले. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं अक्कलकोटकडची. एकदा एक बाई चिठ्ठी उलटवून, आकडा कानडीत मोठ्यानं वाचून म्हणाली, "अण्णा, हितं तर येवडंच लिवलंय की. तुमी वरलं कुटनं वाचताय?" मालकांनी ती साडी आतल्या किमतीला दिली आणि आठवडाभर आम्हा सगळ्यांवर संशय घेतला, की त्या बाईला कानडी शिकवलं कुणी.

मात्र ज्यासाठी मालक पेठेत प्रसिद्ध झाले ती गोष्ट वेगळीच. सायकल कुठेही लावली की तिची घंटी काढून ते कोटाच्या खिशात टाकत. एकदा एक घंटी चोरीला गेली होती. तो कोट एके दिवशी घंटीसकट परटाकडे निघाला, आणि परटाच्या गाठोड्यातून ती टणटण वाजली. मालक गल्लीच्या टोकापर्यंत धावले, घंटी घेतली आणि तिथंच रस्त्यात उभे राहिले. त्यांना कल्पना सुचली होती. माल जर स्वतःच बोंबलला तर?

दुसऱ्याच दिवशी बैलांच्या गळ्यातल्या माळांची लहान पितळी घुंगरं पोतंभर आली. दुकानातल्या प्रत्येक साडीच्या आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला आम्ही एकेक घुंगरू शिवलं. व्यवस्था अशी: गिऱ्हाइकाने माल घेतला, पावती झाली, की कात्रीने दोरा कापायचा आणि घुंगरू पितळी वाडग्यात टाकायचं. पावती न करता कुणी माल काखोटीला मारून निघालं, तर घुंगरू वाजणार. ते नक्की वाजावं म्हणून मालकांनी दुकानाचा उंबरा वीतभर उंच करून घेतला, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला पाय उचलून हिसका बसलाच पाहिजे. स्वतः ते उंबऱ्याशेजारी गादीवर कान देऊन बसले. कात्रीवर मला नेमलं. दुकानात कात्री एकच, आणि ती दोरीने माझ्या टेबलाला बांधलेली.

परवा मुलाबरोबर पुण्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बाहेर पडताना दार एकदम ओरडायला लागलं. मुलाने समजावलं की कपड्यात आर.एफ.आय.डी. नावाची बारीक पट्टी असते, पावती झाली की ती काढायची किंवा निकामी करायची, विसरली तर दार ओरडतं. तो फार कौतुकाने सांगत होता. मी त्याला म्हटलं, हे सोलापुरात आम्ही बैलांच्या घुंगरांवर केलेलं आहे. त्याने माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं, ज्या नजरेने तेव्हा सगळी पेठ मालकांकडे बघायची.

कारण ही व्यवस्था चोर सोडून बाकी सर्वांना पकडू लागली. पायात तोडे घातलेली प्रत्येक खेडवळ बाई उंबऱ्यावर अडवली गेली. दारावरून बकरं गेलं की मालक उठत. सगळ्यात मोठं संकट टांग्यांचं. आमच्या दारावरून दिवसभर टांगे जात आणि प्रत्येक घोड्याच्या गळ्यात घुंगरांची माळ. मालक दिवसातून पन्नास वेळा ताडकन उठत आणि तितक्याच वेळा बसत. त्यांनी टांगेवाल्यांना विनंती केली की आमच्या दुकानापुरती माळ काढा. त्यावर एक म्हातारे टांगेवाले चाचा शांतपणे म्हणाले, "सेट, माळ काडा तो लोगां चाक के नीचे आते. तुमीच दुकान काडो."

आणि आत? पाच साड्या उलगडल्या की दुकानात बैलपोळा. त्या गोंगाटात खरा चोर कसा ऐकू यायचा? म्हणून हुकूम निघाला की साड्या आवाज न करता उलगडायच्या. आमचे जुने विक्रेते व्यंकटअण्णा साडी अशी आडवी करत, जशी नुकतीच झोपलेली पोर पाळण्यात ठेवावी. गिऱ्हाईक बोललं की ओठांवर बोट ठेवत. "ह्या दुकानात आता कुणी मेलं तरी रडायची सोय न्हाई," असं ते मला म्हणाले होते.

संध्याकाळी मालक स्वतः वाडग्यातली घुंगरं आणि दिवसाच्या पावत्या जुळवत. आणि नोकर घरी जाताना दारात झडती देत. मी पोटमाळ्यावरच राहत असूनही माझी झडती होई. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्या घरात जेवतो तिथल्या रीतीला नावं ठेवू नयेत असंच मला शिकवलेलं होतं. वाईट वाटायची वेळ आली ती बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेला आठ दिवस उरले असताना.

मालकांचं घर दुकानाच्याच वर होतं, आणि आतून जिना होता. मालकांच्या पत्नी, ज्यांना आम्ही अक्का म्हणत असू, त्यांना दुकानातली साडी हवी असली तर त्यांचीही पावती व्हायची, आणि पावतीआधी चौकशी: मागच्या संक्रांतीची साडी कुठे गेली, ती फाटली कशी, फाटलेली दाखव. त्या दुपारी मालक जेवून गादीवर एक डोळा मिटून पडले होते, आणि बाकीचे नोकर जेवायला गेले होते. अक्का आतल्या जिन्याने उतरल्या, एक इरकल साडी काढली, माझ्या टेबलावरची कात्री उचलून घुंगरू कापलं आणि ते वाडग्यात टाकलं. चांगलं पितळ वाया का घालवायचं, हा त्यांचा जन्माचा संस्कार. माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "भाचीचं डोहाळजेवण हाय. मालकास्नी मी सांगते, तू गप ऱ्हा." आणि जिन्याने परत गेल्या. एवढा वीतभर उंबरा, एवढा कान, एवढी घुंगरं. चोरी उंबऱ्याकडे गेलीच नाही. तासाभरात अक्का अक्कलकोटच्या एस.टी.त बसल्या. मालकांना सांगायचं त्या विसरल्या की टाळलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

संध्याकाळी वाडग्यात एक घुंगरू जास्त निघालं. मालकांनी तीनदा जुळवलं. मग कपाटं तपासली आणि इरकल साडी कमी असल्याचं कळलं. घुंगरू कात्रीशिवाय निघत नाही, आणि कात्री माझ्या टेबलाला बांधलेली. हिशेब अगदी सरळ होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकातसुद्धा इतका सरळ हिशेब मी पाहिला नव्हता. मालकांनी माझी ट्रंक पोटमाळ्यावरून खाली मागवली आणि सर्वांसमोर उघडायला लावली. दोन सदरे, पुस्तकं, आईने दिलेली शेंगाचटणीची पुरचुंडी. त्यांनी ती पुरचुंडीही सोडून पाहिली. मग विचारलं, "कुणाला बघितलास? खरं सांग."

मी म्हटलं, "नाही."

"मग तूच. रविवारपर्यंत सांग, न्हाईतर ट्रंक उचल."

तो शुक्रवार होता. ट्रंक उचलून मी जाणार कुठे? सोलापुरात माझं दुसरं छप्पर नव्हतं, आणि वैरागला गेलो तर परीक्षा बुडाली. आणि आमच्याकडे एकदा गावी परत गेलेला मुलगा पुन्हा परीक्षेला येत नाही, तो बैलांमागे जातो. शनिवारभर मी कात्रीवर बसलो, पण कात्री आता मालकांकडे होती. मी नुसताच टेबलामागे बसलो. व्यंकटअण्णा येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवत. मालक माझ्याकडे बघतही नव्हते, आणि ज्या माणसाचा बघणे हा धंदा, त्याने बघायचं सोडलं की फार लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी मी ट्रंकेला दोरी बांधत होतो तेव्हा अक्का परत आल्या. जिन्यावरून त्यांनी ट्रंक पाहिली, व्यंकटअण्णांना काय झालं ते विचारलं, आणि पुन्हा वर न जाता मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, रस्त्याने, पुढच्या दारातून, तो वीतभर उंबरा ओलांडून दुकानात आल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. अक्कांनी त्यांच्यादेखत सांगितलं की साडी आपण स्वतःच नेली. मालकांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

"गिऱ्हाइकाचं नाव?" त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.

"लिवा की, मालकीण," अक्का म्हणाल्या.

त्यांनी तसंच लिहिलं. माफी हा शब्द मालकांच्या मराठीत नव्हता आणि कानडीतही नसावा. पण संध्याकाळी दुकान बंद करताना सगळ्यांची झडती झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. "नोड कॉलेज, आजपासनं माझी झडती तू घ्यायची. रोज." मी मागे सरलो. ते हलेनात. शेवटी व्यंकटअण्णांनी मला पुढे ढकललं. मालकांच्या डाव्या खिशात सायकलची घंटी निघाली, आणि उजव्या खिशात कागदात गुंडाळलेला पेढा. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद करून वर्ष झालं होतं. सगळे हसू दाबून उभे राहिले. मालकांनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जप्त कर." मी परीक्षेपर्यंत रोज त्यांची झडती घेतली. पेढा रोज सापडायचा, आणि तो रोज मलाच खावा लागायचा.

मी दुसऱ्या वर्गात पास झालो आणि मोहोळच्या शाळेत नोकरीला लागलो. रुजू झाल्यावर पहिल्या रविवारी मी मालकांना पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दिवाळीला भेटायला गेलो तेव्हा ते पत्राबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, पण जेवताना समोर बसले आणि त्यांनी स्वतः वाढलं. आता मालक नाहीत, अक्का नाहीत, दुकानाच्या जागी दुसरं काहीतरी आहे. मला तेव्हा पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवून काढायची सवय होती, म्हणून ते पत्र माझ्याकडे राहिलं.

"तीर्थस्वरूप मालक यांस, साष्टांग नमस्कार. मी इथे सुखरूप पोचलो. शाळा बरी आहे, मुलं शंभरावर आहेत आणि फळा एकच आहे. आपल्या कृपेने मला हा दिवस दिसला हे मी विसरणार नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली होती, ती सांगितल्याशिवाय मला मुलांना खरं बोला म्हणून शिकवता येत नाही. साडी कोणी नेली ते मी पाहिलं होतं. आपण विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. अक्कांचं नाव घेतलं असतं तर आपण माझ्यावर ताबडतोब विश्वास ठेवला असतात, आणि ज्यांनी मला चार वर्षं जेवू घातलं त्यांच्याबद्दल आपण असा विश्वास ठेवावा असं मला वाटेना. म्हणून मी ट्रंक बांधली. आपण मला चोर समजलात त्याचं आता मनात काही नाही. पण मी फार चांगला आहे असंही आपण समजू नये. परीक्षेला सहा दिवस उरले होते. अक्का रविवारी आल्या म्हणून बरं झालं. त्या सोमवारी आल्या असत्या, तर रविवारी संध्याकाळी मी बहुतेक त्यांचं नाव सांगितलं असतं. एवढं मात्र त्यांना सांगू नये."