इर्जिकीची मजुरी

सकाळी शकीलच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. त्याचं नाव पाहिलं आणि फोन तसाच खिशात टाकला. पुन्हा वाजला, पुन्हा टाकला. काही महिने आमचं बोलणं बंद होतं आणि त्याला कारण मी होतो. दुपारी अनोळखी नंबर आला म्हणून उचलला, तर त्याचा मुलगा. "काका, अब्बा गेले. सकाळपासून तुमालेच लावून राह्यलो..." यवतमाळहून पांढरकवड्याला पोचेस्तोवर मिट्टी होऊन गेली होती आणि माणसं कब्रस्तानातून परतत होती. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मूठभर माती द्यायला मी नव्हतो. फोन न उचलायचं कारण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आज सांगतो, कारण त्यावाचून शकीलबद्दल काही लिहिलं तर ते खोटं होईल.

आम्ही दोघं मारेगावचे. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करायचे, माझे वडील शेतकरी. शाळेत तो गणितात पुढे आणि मी बडबडीत, म्हणून मी मास्तर झालो असं तो म्हणायचा. त्यानं पुढे पांढरकवड्याला इन्कमटॅक्सची कामं करणारं छोटंसं ऑफिस थाटलं. दुकानदार, ट्रकवाले, आमच्यासारखे नोकरदार, सगळ्यांचे रिटर्न तोच भरायचा. माझा तर पहिल्या पगारापासून. फीचा विषय काढला की म्हणायचा, "तू चहा पाज, अन् त्यात साखर कमी घालाले सांग." त्याच्यासारखा कायद्याला धरून चालणारा आणि तरी समोरच्याला न दुखावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाकडी गोष्ट मागितली की तो हसायचा, आणि मागणारा आपसूक सरळ व्हायचा. मी झालो नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या मारेगावच्या घराची मागची बाजू बसली, ते कापसाचं फार वाईट साल होतं. बोंडअळीनं निम्मं खाल्लं आणि उरलेल्याला भाव नव्हता. मी तेव्हा शिक्षणसेवक, मानधन हाती पडायच्या आधीच संपायचं. वडिलांनी कसाबसा एक गवंडी लावला, पण हाताखालच्या मजुरांना द्यायला काही नव्हतं. मग गल्लीनं इर्जिक केली. शेतातल्या कामाला करतात तशीच. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं, बाकीच्यांनी हात द्यायचे, मजुरीचा शब्द कोणी काढायचा नाही. शकीलचं ऑफिस अजून व्हायचं होतं आणि जिनिंग बंद पडलेलं, त्यामुळे तो आणि त्याचे भाऊही आले. विटा वाहिल्या, माल कालवला, टिनं चढवली. आईनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. शकील हातावरचं सिमेंट खरवडत पंगतीला बसला आणि म्हणाला, "काकू, मी विटा कमी उचलल्या, पर रोडग्यात भरपाई करतो." वडील किती दिवसांनी हसले होते त्या दिवशी!

पुढे आई-वडील गेले. घर बंद राहू लागलं आणि मुलीच्या इंजिनीअरिंगच्या वेळी मी ते विकलं. कागद घेऊन शकीलकडे गेलो. त्यानं समजावलं की घर विकून जो नफा झाला त्यावर टॅक्स बसतो, पण घराच्या सुधारणेला लागलेला खर्च त्यातून वजा होतो. सिमेंट, विटा, टिनं, आणि मजुरीसुद्धा. मजुरी म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हटलं, "मग लाव ना मजुरी. गवंड्याची हाय, अन् वरचे पंधरा-वीस मजूर. आठ-दहा दिवसाचे लाव."

त्यानं चष्मा काढला. "कोन्ते मजूर?"

"होते ना, मागची बाजू काढली तवा."

"अरे, त्याईच्यात तर मी बी होतो." तो हसत होता. "माही मजुरी किती लावली तू, मास्तर?"

मी तिथंच हसून विषय सोडायला हवा होता. त्यानं तेवढी जागा ठेवली होती माझ्यासाठी. पण चोर तो चोर आणि वर शिरजोर, अशी माझी गत. मी म्हणालो, "तुले काय कराचं हाय? तुही फी तुले भेटते ना!"

"फी..." एवढंच तो म्हणाला. मग चष्मा लावून शांतपणे म्हणाला, "जो पैसा गेला, तोच वजा होते. इर्जिकीत पैसा जात नाई." गवंड्याची मजुरी धरली, सामान धरलं, बाकी काही नाही. सगळं नीट करून कागद माझ्या हातात दिले. मी रागानं टेबलावर नोटा ठेवल्या. वाटलं, नेहमीसारखा परत सरकवेल. त्यानं त्या उचलल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडून फी घेतली. मी जिना उतरलो तो पुन्हा चढलो नाही. माफी मागायला जावं असं रोज वाटायचं आणि रोज लाज आडवी यायची. आता वाटतं, ती लाजही नव्हती, नुसता ताठा होता.

भाभींचा इद्दतीचा, नवऱ्यामागच्या दुखवट्याचा काळ संपला, तेव्हा गेल्या आठवड्यात त्यांना भेटायला गेलो. चहा झाला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाईसाब, एक काम होतं. हे पोराईले नेहमी सांगत, मास्तरच्या मारेगावच्या घरी मागची एक भिंत म्या उभी केली म्हनून. गवंडी जेवाले बसला तवा यायनं एकट्यानंच लावली म्हने. थोडी वाकडी हाय, पर पडत नाई, असं सांगून हसत. आता पोरं म्हनतात, अब्बाची भिंत पाहाची हाय. घर तर तुमचं बंदच असन... चाबी घेऊन एखाद्या रविवारी न्या ना आमाले."

त्या घराच्या विक्रीचे सगळे कागद शकीलच्या हाताखालून गेले होते. घेणाऱ्यानं घर पाडून तिथं गाळे काढले, हेही त्याला माहीत असणारच, मारेगाव काय लांब आहे? आणि घरात त्यानं ना घर विकल्याचं सांगितलं होतं, ना त्या दिवशीच्या आमच्या भांडणाचं. त्याच्या घरात मी अजून त्याचा तोच मास्तर होतो. मला मान वर करता येईना.

"नेतो, भाभी," मी म्हणालो.

"कोन्त्या रविवारी?" त्यांनी विचारलं.