कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

पहिल्यांदा हिरवे ठिपके उमटले ते एका नवरदेवाच्या तोंडावर. दिंद्रुडच्या आमच्या घरात, भर दुपारी, मी त्याच्या लग्नपत्रिकेवर फोटो बसवत होते. बघता बघता त्याच्या गालावर, कपाळावर, फेट्यावर हिरवे-जांभळे चौकोन नाचू लागले. हळदीऐवजी शेवाळ लावावं तसा दिसायला लागला बिचारा. मी माऊस हलवला तर चौकोन त्याला सोडून नवरीकडे सरकले. मग पडदा काळा झाला, परत आला, आणि सगळं जिथल्या तिथं. आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की आधी लाइटला शिव्या द्यायची पद्धत आहे. मीही दिल्या आणि पत्रिका पूर्ण केली.

पत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसांचे फ्लेक्स हे माझं काम. घरी बसून डिझाइन करायचं आणि माजलगावच्या छपाईवाल्याला पाठवून द्यायचं. त्यासाठीचा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. एकेक भाग कुरिअरनं मागवत गेले, भाग यायला लागले तसे ते गव्हाच्या कोठीमागं लपवत गेले, आणि सगळे जमल्यावर एका दुपारी शिलाई मशीनचा पेचकस घेऊन पाटावर बसले. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवायचा, एक स्क्रू बसवायचा, परत व्हिडिओ. बटण दाबल्यावर पंखे फिरले तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी एकटीच मोठ्यानं ओरडले. लग्नात नाही, बारावीच्या निकालात नाही, इतका आनंद मला त्या वेळी झाला होता.

घरच्यांना झाला नाही. सासऱ्यांच्या लेखी तो कायम 'डबा'च राहिला. आमची मागची खोली कापसाची. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत तिथंच पडून राहतो, छातीइतका ढीग. नवऱ्यानं तीनदा म्हटल्यावर त्या ढिगाच्या अलीकडचा एक कोपरा मला मिळाला. माझ्या कॉम्प्युटरच्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची, एक बाजू काचेची आहे. येता-जाता कुणाचा धक्का लागून ती फुटू नये म्हणून मी कॅबिनेटच्या दोन्ही कुशी ढिगात रुतवून ठेवल्या. पुढचं-मागचं तोंड मात्र उघडं ठेवलं, हवेचं एवढं मला कळत होतं. कापसात ठेवलेली वस्तू फुटत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझी ही अक्कल मला फार आवडली होती.

मार्च लागला, ऊन वाढलं आणि ठिपके रोजचे झाले. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करताना तर त्यांची अर्धी मिशीच गायब झाली. त्याच वेळी सासरे दारात येऊन उभे.

"काऊन वं, तुजा टीव्ही नासला का?"

"टीव्ही न्हाई मामा, कॉम्प्युटर हाय."

"नासला ते नासला."

दोन दिवसांनी अवकाळी आभाळ आलं. राहिलेला कापूस पडवीत ताडपत्रीखाली पडलेला होता. सगळे जेवायला बसले असताना सासऱ्यांनी फर्मान काढलं, "पाऊस आला तर पडवीतलं भिजंल. सोमवारी समदं मागच्या खोलीत भरायचं. तू तुजा डबा माळ्यावर टाक."

"अन् माजं काम?"

"डबा चालत असता तर गोष्ट येगळी. बंद पडल्याल्याला खोली कशाला?"

माझा स्वभाव असा की मला गोड बोलून कुणीही घुमवावं, पण असं ताटावर बसून कुणी निकाली काढलं की डोक्यात तिडीक जाते. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर माळ्यावर गेला म्हणजे तो परत खाली येणार नव्हता. माळ्यावर गेलेली कुठलीच वस्तू या घरात खाली आलेली मी पाहिली नाही.

"सोमवारच्या आत चालवून दाखवते," मी म्हणाले. "चालला तर मला कोपरा नको. आख्खी खोली पायजे. कापूस भाईर."

सासू वाढता वाढता थांबली. सासरे हसले. "बरं," म्हणाले, आणि भाकरी कुस्करायला लागले.

नवरा दूध संकलन केंद्रावर काम करतो, भांडणाला भिणारा माणूस आहे. हात धुताना हळूच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतलं?" मी त्याला म्हटलं, अवलक्षण आहे की सुलक्षण ते सोमवारी बघू.

गुरुवारी सकाळी सुरुवात केली. मॉनिटरची केबल बदलली. ठिपके तसेच. समोरच्या खोलीतला टीव्ही उचलून आणला आणि कॉम्प्युटर त्याला जोडला. तासाभरात टीव्हीवरही हिरवे चौकोन. सासू दारातून ओरडली, "आगं बया, आता ह्यालाबी लागलं का?" तिला वाटलं साथ आलीय. टीव्ही पुन्हा जागेवर नेऊन तिची मालिका स्वच्छ दिसते हे दाखवलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. मग मी ठिपक्यांसकट पडद्याचा फोटो कॉम्प्युटरमध्येच काढून मोबाइलवर पाठवला. मोबाइलवरही ठिपके दिसले. म्हणजे दोष पडद्यात नव्हता, तारेत नव्हता. जे काही होतं ते पोटात होतं.

शुक्रवारी ग्राफिक्स कार्ड काढलं. चित्रं तयार करून पडद्याला पुरवणारी ही एक वेगळी पाटी असते, तिच्यावर दोन छोटे पंखे. ते काढून पडद्याची तार सरळ मदरबोर्डला लावली. कॉम्प्युटर म्हशीच्या चालीनं चालला, मोठा फ्लेक्स तर उघडेच ना, पण ठिपका एक नाही. चोर सापडला. कार्डाचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, परत बसवलं. सकाळभर झकास. मी गाणं गुणगुणत दोन पत्रिका उरकल्या. दुपारी दोनला पुन्हा शेवाळ.

शनिवारी एसटीनं बीडला गेले. कार्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, धक्का लागू नये म्हणून अर्थातच कापसात गुंडाळून. दुकानदारानं डबा उघडला, आधी कापसाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, एवढा कापूस कशाला कोंबला?"

त्यानं कार्डावर ब्लोअर मारला. चिकटलेला कापूस उडाला, काळे पंखे लखलखीत झाले. मग त्याच्या टेबलावर लावून बघितलं. दहाच मिनिटांत ठिपके.

"मशीन कुणी जोडलंय?"

"मी."

त्यानं कार्ड माझ्याकडं सरकवलं. "मिस्टरांना पाठवून द्या. त्यांना समजावून सांगतो."

"मिस्टर दुधाचं फॅट मोजतेत. कार्डाचं मला सांगा."

"चिप गेलीय. नवीन घ्या."

"उघडून बघा ना."

"पंखे फिरायलेत, साफ हाय, उघडून काय बघायचं? अन् उघडल्यावर तुमाला काय कळणार हाय?"

"मला कळत न्हाई तर मग हे चालू कसं झालतं?" मी म्हणाले आणि डबा उचलला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. कुणाला हसली ते बघायला मी थांबले नाही.

येताना खिडकीशी बसून पहिला तासभर मी नुसतं मनातल्या मनात भांडत होते. त्यानंतर डोकं चालायला लागलं. चिप मेली म्हणतो. मग सकाळी चांगली कशी चालते? मेलेला माणूस सकाळी उठून चहा पीत नाही. उन्हात बिघडतं, गारव्यात सुधारतं, म्हणजे हे मेलेलं नाही, तापलेलं आहे. पण पंखे तर फिरत होते. फिरणाऱ्या पंख्यांचा वारा जातो कुठं, हे कोडं मी घरी घेऊन आले.

रविवारी सकाळी पाट मांडला. कार्ड उघडलं तर ते गेलं असं समज, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. जायचंच असेल तर माझ्या हातानं जाऊ दे, त्या दुकानदाराच्या शब्दानं नको. चार बारीक स्क्रू काढून पंख्यांचं वरचं झाकण अलगद उचललं.

खाली गोधडी होती. खरंच सांगते, तळहाताएवढी राखाडी गोधडी. पंख्यांच्या खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, उष्णता तिच्यातून बाहेर पडते. त्या जाळीवर कापसाचा थर दाबून, ठासून बसला होता, वरून कुणाला दिसू नये असा. पंखे इमानेइतबारे गोधडीला वारा घालत होते. दुकानदाराच्या ब्लोअरनं तो थर आणखी आत दडपला होता, आणि उडालेला कापूस बिस्किटाच्या डब्यातलाच असं आम्ही दोघंही समजलो होतो.

कापसाच्या घरात कापूस दिसत नाही. तो आमच्या केसांत असतो, चहात असतो, पोळीवर असतो. कॅबिनेट उघडल्यावर आत तंतू दिसले होते, मी ते पदरानं पुसले होते आणि पुढच्या कामाला लागले होते. आणि मुळात ते कॅबिनेट ढिगात रुतवलं कुणी? मी. चार दिवस लाइटला, तारेला, सासऱ्यांना, दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या होत्या, आता एक माझ्या वाट्याला आली. लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हात थांबले नाहीत.

भुवया कोरायच्या चिमट्यानं ती गोधडी एका तुकड्यात सोडवली, ताटलीत ठेवली. जाळी जुन्या टूथब्रशनं झाडली. झाकण लावलं, कॅबिनेट ढिगापासून लांब, मधोमध स्टुलावर ठेवलं, आणि दुपारचे दोन वाजायची वाट बघत बसले. दोन वाजता जाऊन सासऱ्यांना म्हणाले, "मामा, चला."

ते पोतं घेऊन आले, अंथरून पडद्यासमोर बसले. मी सगळ्यात जड फ्लेक्स उघडला. मिशीवाले पुढारी, मागं सूर्य, फुलं, पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो. कार्डाची उष्णता दाखवणारा आकडा या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात लावला होता; नव्वदीच्या पुढं गेला की धोका असं व्हिडिओत सांगतात, तो पासष्टवर अडकला. अर्धा तास गेला. तास गेला. पुढाऱ्यांची मिशी जागची हलली नाही. सासरे एकदाही उठले नाहीत. ते ठिपक्याची वाट बघत होते की नसण्याची, मला अजून सांगता येत नाही.

शेवटी म्हणाले, "मंग कशानं झालतं?"

मी ताटली पुढं केली.

त्यांनी तो राखाडी तुकडा उचलला, झटकला. कोपऱ्यातून चिमूटभर तंतू सुटे केले आणि दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरून हळूहळू ओढले. गावात व्यापारी आला की हे असंच ओढून धाग्याची लांबी बघतात. माझ्या सासऱ्यांचा हात त्यात चुकत नाही असं म्हणतात. तंतू ताणला गेला, तुटला नाही.

"फरदड न्हाई ही," ते पुटपुटले. शेवटी शेवटी निघणारा आखूड धाग्याचा कापूस म्हणजे फरदड. "पयल्या येचणीचा हाय. दिवाळीचा. मीच टाकलाय हितं."

"अन् डबा त्याच्यात मीच खुपसला," मी म्हणाले. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी खरं बोलल्यावर मला लपवता येईना.

ते माझ्याकडं बघत राहिले. मी पदर सावरला, पण नजर खाली घातली नाही.

"खोली माझी, मामा. ठरलं होतं."

ते उठले, धोतराचा सोगा खोचला, ढिगापाशी गेले आणि दोन्ही हातांनी कवळा भरून कापूस उचलला. दारापर्यंत गेले. तिथं थांबले, वळले. कापसातून त्यांचे नुसते डोळे दिसत होते.

"तुजं मशीन बंद कर आधी," ते म्हणाले. "कापूस उडंल."

'डबा' म्हणाले नव्हते ते. मी मशीन बंद केलं, वर चादर टाकली, आणि दुसरा कवळा उचलायला गेले.