दिगंबरनं विणलेली डोल

इकडं परदेशात, ईडन प्रेरीच्या लायब्ररीत दर शनिवारी विणकाम करणाऱ्या बायकांचा घोळका जमतो, आणि त्यात एकच बाप्या बसलेला असतो. तो आमचा दिगंबर. पंचेचाळिशीचा गडी, कंपनीत सर्व्हर सांभाळतो, आणि मीटिंग चालू असताना टेबलाखाली याच्या सुया चालू! कोणी हसलं की म्हणतो, "हसा लेको. जानेवारीत मफलर मागायला याल तेव्हा बघतो."

या घोळक्यातल्या आर्लीन आजींनी एकदा आपल्या आजोबांचा गडद निळा स्वेटर आणला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार असले स्वेटर घालून समुद्रावर जात. वीण इतकी घट्ट की वारा आत शिरायचा नाही, आणि छातीवर सुलट-उलट टाक्यांनी उठवलेले दोर, शिड्या, जाळी. गावागणिक नक्षी वेगळी. दिगंबर बघतच राहिला. थळच्या कोळीवाड्यातलं पोर ते, दहाव्या वर्षी बापाशेजारी बसून जाळं विणायला शिकलेलं. "अहो, हे तर आमचंच काम!" असं तो चक्क मराठीत ओरडला, आणि आजींनी मान डोलावली. त्यांना काय कळलं, देव जाणे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचे वडील, पुरुषोत्तमबाबा, थळहून सहा महिन्यांसाठी आले. आले म्हणजे काय, सून यामिनीनं हट्ट केला म्हणून आले. होडी चालवायला मुलगा गावात नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली होती, आणि तेव्हापासून दिगंबरशी बोलणं "हो"-"नाय"पुरतं. इथंही खिडकीशी खुर्ची ओढून गोठत चाललेल्या तळ्याकडे बघत बसायचे. दिगंबरला ते फार लागायचं. त्यानं ठरवलं, बाबांसाठी तसाच स्वेटर विणायचा, छातीभर जाळ्याची नक्षी घालून. बाबांनी तो अंगात घालावा, एवढंच त्याला हवं होतं.

डिसेंबरच्या शेवटी छातीपर्यंत झालेला स्वेटर त्यानं बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा वर ढकलला आणि नक्षीवरून बोटं फिरवली.

"ह्या कसला जाला? सगली भोका सारकी! आपली डोल तोंडाशी मोठी, शेपटाशी बारीक. ह्याच्यान मासा येल नि हसत निंगून जाल."

झालं! डोल म्हणजे त्यांच्या गावची लांबलचक पिशवीसारखी जाळी, आणि दिगंबरनं विणकामाच्या पुस्तकातली परक्या गावची जाळी जशीच्या तशी उचलली होती. मी असतो तर स्वेटर तिथंच टाकून निघून गेलो असतो. दिगंबरलाही वाईट वाटलंच, पण रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्यानं उसवायला घेतला.

"यार, दोन महिन्यांचं काम! टोटल उसवतोयस?" यामिनी कळवळली.

"बाबा बरोबर बोलतायत. चुकलंय ते चुकलंय."

हा स्वेटर खालून वर विणत जायचा, म्हणजे डोलीच्या शेपटाकडून तोंडाकडे. पण नक्षीतली भोकं कुठं किती वाढवायची, हे कुठल्या पुस्तकात असणार? विचारायचं तर बाबांनाच. आधी ते खुर्चीतूनच "नाय, नाय" करायचे. मग खुर्ची सोफ्याजवळ आली. मग बाबा सोफ्यावरच आले, मांडीवर ग्राफ पेपर आणि हातात पेन्सिल घेऊन. "आता वाढव. दोनच. हावरटपणा नको करूस." जाळ्याबरोबर मग वाऱ्याच्या, भरतीच्या, बुडता बुडता वाचल्याच्याही गोष्टी निघाल्या. इतकी वर्षं फोनवर झालं नव्हतं तेवढं बोलणं त्या तीन महिन्यांत झालं. सासरा-नवरा कुजबुजतायत बघून यामिनी चहा ठेवायची आणि मुद्दाम आत निघून जायची. दिगंबरची चिकाटी मात्र खरंच मानली पाहिजे. चार वेळा उसवलं त्यानं, आणि एकदाही कुरकुर नाही.

बाबांचं विमान आठवड्यावर आलं तेव्हा स्वेटर पुरा झाला. बाबांनी शेपटापासून तोंडापर्यंत दोनदा मोजलं.

"चूक नाय," ते म्हणाले. दिगंबरच्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, "पन दर गावाची नक्षी वेगली कनाला?"

"असं सांगतात बाबा, की कोणी बुडाला आणि लांबच्या किनाऱ्याला लागला, तर स्वेटरवरून त्याचं गाव ओळखायचे आणि त्याला घरी पोचवायचे. खरं-खोटं कोण जाणे."

बाबांनी स्वेटर उचलला. मग उठून म्हणाले, "हात वर कर."

दिगंबरनं लहान पोरासारखे हात वर केले, आणि बाबांनी स्वेटर त्याच्याच डोक्यातून घातला. बाबांच्या मापाचा तो, दिगंबरला आखूड झाला.

"बाबा, अहो, तुमच्यासाठी विणलाय!"

"मना कनाला? मी गावान मरन. मना तिथं सगली वलखतान. परक्या पान्यान तू हास."

दिगंबरला रडू आवरेना. बाबांनी स्वेटरची कड दोन्ही हातांनी खाली ओढली, कंबरेपर्यंत येईना तरी ओढत राहिले.

"घाल," ते म्हणाले. "कुठंय लागलास, तरी कलल, कोनाचा हास ते."